संशोधन आणि शोधनिबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यक, अर्थशास्त्र, शिक्षण, शेती किंवा भौतिकशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयातल्या संशोधनाची बातमी वाचली, की वाचकाला पडणाऱ्या शंका बहुधा सारख्याच असतात. पुढील उत्तरे संशोधक नसलेल्या, पण मूळ निबंध उघडून पाहण्याची तयारी असलेल्या वाचकासाठी आणि संशोधनाकडे नुकत्याच वळलेल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली आहेत. सांख्यिकीचे पूर्वज्ञान गृहीत धरलेले नाही.

शोधनिबंध म्हणजे नेमके काय? तो एखाद्या माहितीपर लेखापेक्षा वेगळा कसा?

लेखात लेखकाचे म्हणणे असते; शोधनिबंधात त्या म्हणण्याबरोबरच ते कसे हाती आले याचा हिशेबही मांडावा लागतो. किती माणसे किंवा किती वाफे पाहिले, ते कसे निवडले, काय मोजले, कशाने मोजले आणि मधेच कितीजण गळाले, हे सारे निबंधात द्यायचे, कारण ते वाचून दुसऱ्या कोणाला तेच काम पुन्हा करून पाहता आले पाहिजे. ही रीत जुनी आहे. १६६५ साली जानेवारीत पॅरिसमध्ये आणि मार्चमध्ये लंडनमध्ये अशी पहिली दोन नियतकालिके निघाली. त्यांपैकी लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक आजही चालू आहे.

सारांश, प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा असे निबंधाचे ठरलेले भाग असतात. बहुतेक वाचक सारांश वाचून थेट चर्चेवर उडी मारतात. माझा सल्ला पद्धतीपासून सुरुवात करण्याचा आहे. चर्चेत लेखक आपली बाजू मांडत असतो आणि तेथे त्याचा हात थोडा सैल सुटतो. पद्धतीच्या भागात मात्र जे केले तेवढेच सांगण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

औषध, पीक, शाळा आणि बाजार यांत काहीच साम्य नसताना त्यांच्या संशोधनाला एकच कसोटी कशी लावता येते?

कारण चारही ठिकाणी मूळ प्रश्न एकच असतो : कशाच्या तुलनेत? नवे औषध घेतलेले रुग्ण बरे झाले, पण औषध न घेतलेले किती बरे झाले? नव्या वाणाचे उत्पन्न वाढले, पण त्याच पावसात जुन्या वाणाचे किती आले?

या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर शेतातून आले आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हावरचा एक खतप्रयोग अखंड चालू आहे. अशा अनेक दशकांच्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर हे सांख्यिकीतज्ज्ञ तेथे रुजू झाले. अडचण अशी होती, की कोणतेही शेत सगळीकडे सारखे नसते. एका अंगाला उतार असतो, दुसरीकडे ओल टिकते, एखाद्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचे खत शिल्लक असते. संशोधकाने आपल्या आवडत्या वाणासाठी नकळत का होईना चांगला तुकडा निवडला, तर उत्पन्नातला फरक वाणामुळे पडला की जमिनीमुळे, हे कधीच कळणार नाही. त्यावर फिशर यांनी काढलेला उपाय असा : शेताचे साधारण सारख्या जमिनीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण घ्यायचे आणि पट्ट्याच्या आत कोणता वाफा कोणत्या वाणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठीला उतार दिसत नाही आणि ओलही कळत नाही. जे घटक संशोधकाच्या लक्षातसुद्धा आलेले नसतात, तेही अशाने दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वाटले जातात.

हीच युक्ती पुढे रुग्णालयात गेली. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन या औषधाची चाचणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनुसार झाली आणि १९४८ साली प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, केवळ अंथरुणात विश्रांतीचा उपचार मिळालेल्या ५२ पैकी १४ दगावले. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने ठरवले नव्हते, म्हणून या आकड्यांना वजन आले. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे शाळकरी मुलांना चिठ्ठी पद्धतीने लहान आणि मोठ्या वर्गांत विभागले गेले. लहान वर्गात १३ ते १७ मुले, मोठ्यात २२ ते २५. लहान वर्गांतील मुलांचे गुण सरासरीने चांगले आले. गरिबी निर्मूलनाच्या उपायांना हीच कसोटी लावल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेतातल्या वाफ्यापासून निघालेली ही वाट इतकी लांब आली आहे, आणि तरीही शेतीच्या विद्यार्थ्यांना ती वैद्यकाची देणगी वाटते, याची मला नेहमी गंमत वाटते.

चिठ्ठ्या टाकणे शक्यच नसेल तर काय करतात?

बरेचदा ते शक्य नसते, आणि कित्येकदा ते अमानुष ठरेल. काहींना वीस वर्षे सिगारेट ओढायला लावून पाहता येत नाही. म्हणून स्ट्रेप्टोमायसीनच्या चाचणीत चिठ्ठ्यांचा आग्रह धरणाऱ्या त्याच ब्रॅडफर्ड हिल यांना धूम्रपानाच्या बाबतीत वेगळी वाट धरावी लागली. रिचर्ड डॉल यांच्याबरोबर त्यांनी आधी फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांच्या सवयी ताडून पाहिल्या. तो निबंध १९५० चा. नंतर १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली, ४० हजारांवर उत्तरे मिळवली आणि त्या डॉक्टरांचे पुढे काय होते याची दशकानुदशके नोंद ठेवली. चिठ्ठी नव्हती, पण फरक इतका मोठा होता, सिगारेटच्या संख्येबरोबर तो इतका नेमाने वाढत होता आणि सिगारेट सोडणाऱ्यांत इतका स्पष्ट घटत होता, की दुसरे कोणतेही स्पष्टीकरण टिकले नाही.

अर्थशास्त्रात परिस्थितीनेच घडवलेली तुलना शोधतात. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या फास्ट फूड दुकानांतील नोकऱ्या वेतनवाढीच्या आधी आणि नंतर मोजल्या. वेतन वाढले की नोकऱ्या घटतात हा पाठ्यपुस्तकी अंदाज तेथे खरा ठरला नाही. त्या निबंधावर वाद झाला आणि अजूनही होतो, पण वाद आकड्यांवर आणि तुलनागटाच्या निवडीवर होतो, हे महत्त्वाचे. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले.

पाहणीवर आधारलेला अभ्यास एक सांगतो आणि प्रत्यक्ष चाचणी दुसरेच सांगते. अशा वेळी कोणाचे मानावे?

साधारणपणे चाचणीचे, पण ती कोणावर झाली हे पाहून. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे पाहण्यांमधून अनेक वर्षे दिसत होते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठी पद्धतीने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळीची चाचणी घेतली, तेव्हा चित्र पालटले. गोळी घेणाऱ्या गटात स्तनांचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळले, हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र घटले. जुलै २००२ मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवला गेला. आधीच्या पाहण्यांत गफलत कशी झाली असेल? स्वतःहून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय गोळीने सांभाळले की राहणीने, हे पाहणीला वेगळे करता आले नाही.

गोष्ट येथेच संपत नाही. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय सुमारे ६३ होते. पन्नाशीच्या आसपास, रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी थोडा काळ उपचार घेणाऱ्या स्त्रीला तोच हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, हे पुढच्या विश्लेषणांतून पुढे आले. तेव्हा चाचणी वाचतानाही तिच्यात कोण होते आणि आपण त्यांच्यासारखे आहोत का, हे विचारावे लागते.

‘धोका दुप्पट झाला’ असे छापून येते, त्याचा अर्थ काय घ्यावा?

कशाच्या दुप्पट, हे कळेपर्यंत काहीच घेऊ नये. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला, की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुपटीने वाढतो. इशाऱ्यात खोटे काही नव्हते. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमध्ये एकीला हा त्रास होत असे, तो नव्या गोळ्यांनी दोघींना होऊ लागला. सात हजारांत एक जास्त, असे कोणी म्हटले असते तर बातमी झालीच नसती. ‘दुप्पट’ ऐकून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. त्यातली खेदाची बाब अशी, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो.

म्हणून टक्केवारी दिसली की मूळ संख्या शोधावी. ‘दहा हजारांत आधी इतके, आता इतके’ अशी मांडणी निबंधाच्या कोष्टकात बहुतेक वेळा सापडते. बातमीत ती क्वचितच येते.

पी-मूल्य म्हणजे काय? ०.०५ पेक्षा कमी आले म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला का?

नाही, आणि संशोधनातला हा सर्वाधिक गैरसमज झालेला आकडा असावा. फिशर यांचेच उदाहरण घेऊ. एका बाईंचे म्हणणे होते, की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून ओळखता येते. आठ कप करायचे, चारांत आधी दूध आणि चारांत आधी चहा, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवायचा आणि बाईंनी ‘आधी दूध’वाले चार कप वेगळे काढायचे. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत आणि त्यांतली एकच पूर्ण बरोबर आहे. म्हणजे बाईंना काहीही कळत नसले, तरी निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १, सुमारे १.४ टक्के. हेच पी-मूल्य : प्रत्यक्षात काही फरक नसताना केवळ योगायोगाने इतका किंवा याहून ठळक निकाल लागण्याची शक्यता. बाईंचा दावा खोटा असण्याची शक्यता १.४ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. परिणाम मोठा आहे की किरकोळ, हेही तो आकडा सांगत नाही.

०.०५ ही मर्यादा निसर्गाने घालून दिलेली नाही, ती सोयीची प्रथा आहे. कणभौतिकीत नवा कण सापडल्याचे जाहीर करायला साधारण ३५ लाखांत एक इतकी कडक अट पाळतात. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातील कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली ती या अटीवर. उलट ०.०५ ची सैल मर्यादा ठेवून एकाच माहितीवर वीस वेगवेगळ्या तुलना केल्या, तर कशातच तथ्य नसतानाही त्यांतली किमान एक ‘लक्षणीय’, म्हणजे मर्यादेखालचे पी-मूल्य असलेली, निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. हे दाखवण्यासाठी २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. मेंदूच्या हजारो बिंदूंची स्वतंत्र तपासणी करताना आवश्यक ती दुरुस्ती केली नाही, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून बजावले, की केवळ पी-मूल्य एखाद्या मर्यादेखाली आले यावर कोणताही वैज्ञानिक किंवा धोरणविषयक निर्णय आधारू नये.

अभ्यासात किती माणसे असली म्हणजे तो पुरेसा मोठा?

परिणाम केवढा आणि शोधायची गोष्ट किती विरळ, यावर ते ठरते. १७४७ साली जेम्स लिंड यांनी जहाजावरील स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी आठवड्याभरात हिंडूफिरू लागली. इतका ठळक परिणाम बारा जणांतही दिसला. पोलिओ मात्र साथीच्या वर्षीही फार थोड्या मुलांना होई, त्यामुळे १९५४ मधील लशीच्या चाचणीत एकूण सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग घ्यावा लागला.

निबंध ‘तज्ज्ञांनी तपासलेला’ असतो, म्हणजे नेमके काय तपासलेले असते?

नियतकालिकाचा संपादक निबंध त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, हे ते पाहतात आणि स्वीकारा, सुधारा किंवा नाकारा अशी शिफारस करतात. हे काम बहुतेक वेळा विनामोबदला, स्वतःचे काम सांभाळून केलेले असते.

ही पद्धत सनातन आहे असा समज असतो, पण ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने ती सरसकट लागू केली ती १९७३ मध्ये. १९३६ साली आइनस्टाइन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा निबंध एका अमेरिकन नियतकालिकाकडे पाठवला, संपादकाने तो परीक्षकाकडे दिला, तेव्हा आइनस्टाइन संतापले. छापण्याआधी तो दुसऱ्याला दाखवण्याची परवानगी आपण दिली नव्हती, असे कळवून त्यांनी निबंध परत घेतला. परीक्षकाने त्यात दाखवलेली चूक खरीच होती. पुढे दुसरीकडे छापताना निष्कर्ष बदलावा लागला.

परीक्षक सहसा मूळ माहितीची फाइल उघडत नाही आणि प्रयोग पुन्हा करत नाही. लेखकाने जाणूनबुजून आकडे रचले असतील, तर ते बरेचदा त्याच्या नजरेतून सुटतात. मी स्वतः परीक्षक म्हणून वाचलेल्या एका निबंधात कोष्टकातील रुग्णांची बेरीज मजकुरातल्या संख्येशी जुळत नव्हती. माझ्या ते लक्षात आले नाही, छापून आल्यावर एका विद्यार्थिनीच्या आले. तेव्हापासून मी कोष्टकांच्या बेरजा आधी करतो.

छापून आलेल्या निबंधात चूक निघाली तर पुढे काय होते?

चूक कशी आहे यावर ते अवलंबून. प्रामाणिक चुकीचे गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातले आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात असे मांडले होते, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकासाचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर घसरतो. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याचा भरपूर आधार घेतला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ म्हणून एखाद्या निबंधाचे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा निबंध निवडला, आणि आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांनी मागणीवरून आपली एक्सेलची फाइल पाठवली. तिच्यात सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींना लावलेले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणितातूनच गळाले होते. त्याखेरीज काही देशांची काही वर्षे वगळली होती आणि देशांना दिलेले भारही वादग्रस्त होते. २०१३ मध्ये सगळे दुरुस्त करून काढलेला दर अधिक २.२ टक्के आला. लेखकांनी एक्सेलमधील चूक मान्य केली. कर्ज फार वाढले की विकास मंदावतो हे आपले मूळ म्हणणे मात्र त्यांनी सोडले नाही.

चूक निष्कर्षाच्या मुळावरच येणारी असेल किंवा लबाडी उघड झाली असेल, तर निबंध मागे घेतला जातो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला तो २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत लस टाळली गेली आणि गोवर परतला. २०२३ या एका वर्षात जगभरात मागे घेतलेल्या निबंधांची संख्या १० हजारांवर गेली. त्यांतले बरेचसे पैसे घेऊन बनावट निबंध पुरवणाऱ्यांचे होते. मागे घेतलेला निबंध पुसून टाकत नाहीत, त्यावर तशी खूण करून तो ठेवतात. तरीही लोक तो आधाराला घेत राहतात, म्हणून कोणताही जुना निबंध वापरण्यापूर्वी ती खूण आहे का, हे नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पाहावे.

तोच प्रयोग पुन्हा केला तर तेच उत्तर येते का?

पुष्कळदा येत नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निकाल होता; पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. याचा अर्थ बाकीच्यांनी फसवले असा नाही. नमुने लहान होते, आणि ‘काही फरक आढळला नाही’ असे सांगणारे निबंध कोणी छापत नाही, त्यामुळे योगायोगाने ठळक निघालेलेच छापून येतात, हे मोठे कारण आहे. दहा जणांनी एकच प्रयोग केला, नऊ जणांचे निकाल कपाटात पडले आणि दहाव्याचा छापून आला, तर वाचकाला दिसतो फक्त दहावा.

यावर उपाय म्हणून काय मोजणार आणि कसे मोजणार हे अभ्यासाआधीच जाहीरपणे नोंदवायचे. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून अशा नोंदणीशिवाय रुग्णांवरील चाचण्या छापायच्या नाहीत असे ठरवले. शेतीत पुनरावृत्तीचा धडा फार आधीपासून गिरवला जातो, कारण तेथे एका हंगामाचा भरवसा कोणीच धरत नाही. नव्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत तो पेरून पाहतात.

पूर्वप्रत म्हणजे काय? तिच्यावर विसंबावे का?

परीक्षकांकडे जाण्याआधी लेखकाने स्वतः खुला केलेला निबंध म्हणजे पूर्वप्रत, म्हणजेच प्रीप्रिंट. भौतिकशास्त्रात ही सोय १९९१ पासून आहे, वैद्यकात २०१९ पासून. तिचा फायदा २०२० मध्ये दिसला. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत आढळले, की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने घटतात. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा नाही. तो निकाल परीक्षणाची वाट न पाहता जूनमध्येच जाहीर झाला.

दुसरी बाजूही आहे. २०११ मध्ये न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याची मोजणी अशीच पूर्वप्रत म्हणून आली. संशोधकांनी स्वतःच ‘आमची चूक दाखवा’ असे आवाहन केले होते, ही त्यांची सचोटी. काही महिन्यांनी नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची जोडणी सापडली. पूर्वप्रत वाचावी, पण तिच्या भरवशावर औषध बदलू नये.

अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा अधिक विश्वासार्ह असतो का?

काळजीपूर्वक केलेला असेल तर होय. वैद्यकीय अभ्यासांचे असे आढावे घेणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन या संस्थेचे बोधचिन्हच याचे चित्र आहे. त्यात सात आडव्या रेषा आहेत. प्रत्येक रेषा म्हणजे एक चाचणी. मुदतीआधी प्रसूत होऊ घातलेल्या स्त्रीला स्टेरॉइड दिल्यास बाळ वाचते का, हा प्रश्न. मधली उभी रेघ म्हणजे ‘काही फरक नाही’. बहुतेक आडव्या रेषा त्या रेघेला शिवतात, म्हणजे एकेकटी चाचणी ठामपणे काही सांगू शकत नाही. पण सगळ्यांची बेरीज दाखवणारा खालचा चौकोन रेघेपासून स्पष्ट बाजूला पडतो. पहिली चाचणी १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. बेरीज वेळेवर न मांडल्यामुळे उपचार सर्वत्र पोहोचायला बरीच वर्षे गेली आणि तेवढ्या काळात वाचू शकली असती अशी बाळे दगावली.

मात्र दहा कच्च्या अभ्यासांची बेरीज पक्की होत नाही. आढाव्यात काय घेतले आणि काय वगळले, याचे निकष आधी वाचावेत.

नामांकित नियतकालिकात छापून आले म्हणजे खरे मानावे का?

नाव पाहून सुरुवात करायला हरकत नाही, तेथेच थांबू नये. ज्या ‘प्रभावांका’वरून नियतकालिकांची प्रतवारी लावतात, तो मागील दोन वर्षांतल्या निबंधांना या वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले एवढेच सांगतो. थोड्या गाजलेल्या निबंधांनी ती सरासरी फुगते. बाकीच्यांविषयी ती काहीच सांगत नाही. लेखकांच्या संख्येचेही तसेच : हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने नावांची आणि संस्थांची होती.

माणसांवर संशोधन करताना कोणते नियम पाळावे लागतात?

पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आणि स्वतंत्र नीतिसमितीची आधी मंजुरी, हे तीन मुख्य. नियम अनुभवातून आले आहेत. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास झाला. पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे १९४० च्या दशकात कळल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचे हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चे, म्हणजे घोषणा झाल्यावरही तो अभ्यास आठ वर्षे चालूच होता. शिक्षणातील संशोधनाला हे लागू नाही असे काही नवखे संशोधक समजतात. वर्गातल्या मुलांच्या उत्तरपत्रिका वापरायच्या असतील तरी सहसा पालकांची आणि समितीची परवानगी लागते.

निधी कंपनीने दिला असेल तर निबंध बाजूला ठेवावा का?

बाजूला ठेवू नये, पण तुलनेचा भाग दोनदा वाचावा. पक्षपात आकड्यांपेक्षा प्रश्नाच्या मांडणीत अधिक वेळा असतो : नवे औषध जुन्या औषधाच्या अपुऱ्या मात्रेशी ताडले, की नवे सरस ठरते आणि कोणताही आकडा खोटा नसतो. निधी आणि हितसंबंध यांचा खुलासा बहुधा निबंधाच्या शेवटी, संदर्भांच्या आधी दिलेला असतो.

बातमीत उल्लेख असलेला निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. काय करावे?

शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधावे. बरेचदा लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात किंवा पूर्वप्रतींच्या संग्रहात तीच प्रत मोफत मिळते. तेथे नसेल, तर निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी ज्या लेखकाचा ईमेल पत्ता दिलेला असतो, त्याला दोन ओळी लिहाव्यात. आपली प्रत वैयक्तिक वाचनासाठी पाठवायला सहसा त्याला अडचण नसते, आणि आपला निबंध कोणी मागून वाचतो आहे याचा त्याला आनंदच होतो. पत्रात एखाद्या कोष्टकाविषयी नेमका प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा लवकर येते.